सासूबाईंना त्यांचं नाव विचारणाऱ्या साउंडवाल्या दादांना

दादा,

स. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच प्यायलात आणि उठलात, कारण रथयात्रा तोंडावर होती आणि रामकुंडाकडची स्पीकरची कामं तुमची वाट बघत होती. त्या गडबडीत तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात. हे आठवलं की अजून गळा दाटून येतो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझ्या सासूबाई, त्यांच्या दोन जावा, निफाडच्या मामी आणि शेजारच्या आक्का, पाचही जणी सत्तरी ओलांडलेल्या. माळ्यावरचं जातं खाली काढून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचं आम्ही ठरवलं. शहरातल्या एका बऱ्या नावाच्या स्टुडिओला काम दिलं. ते झूम आर-१६ हे रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आले, त्यात एका वेळी आठ माइक घेता येतात. सहा लावले. पाच बायकांना पाच आणि जात्याला एक. त्यात घालायचं मेमरी कार्ड आम्हीच विकत आणलेलं.

मग आमच्या हातात काय आलं? मोबाइलवर पाठवलेली जेमतेम चार मिनिटांची एक फाइल. जात्याची घरघर ‘नॉइज’ म्हणून पुसलेली, आणि तिच्याबरोबर बायकांच्या आवाजातला भरीवपणाही गेलेला. पाण्याखालून कोणी गातंय असं वाटत होतं. बाकीचं कुठे आहे असं विचारलं, तर उत्तर आलं, “एकच टेक बरा होता. बाकी सगळं तेच तेच. काढून टाकलं.”

तेच तेच! सिनेमाच्या गाण्याचे पाच टेक घेतले तर शब्द पाचही वेळा तेच असतात, तिथे चांगला निवडून बाकीचे सोडता येतात. ओवीचं तसं नाही हो. जातं फिरायला लागलं, एकीने दाण्यांची वैरण घातली, दुसरीने खुंटा धरला की तोंडात येईल ती ओवी. एका बैठकीत सीतेचा वनवास, दुसऱ्या बैठकीत माहेरची वाट, तिसरीत मध्येच एखादी अशी ओवी की सासूबाईंनाही ती आपल्याला येते हे ठाऊक नव्हतं. टेक फेकला म्हणजे त्या ओव्या फेकल्या. आणि निफाडच्या मामींना मध्यंतरी अर्धांगवायूचा झटका आला, त्यांना आता बोलायलाही कष्ट पडतात. पुन्हा गा म्हणून कोणाला सांगायचं?

नंतर ते कार्ड घेऊन एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्यांनी कार्ड घातलं, नजर टाकली न टाकली, आणि म्हणाले, “यात काही नाही, फॉरमॅट करून देऊ का?” नाही म्हटलं म्हणून वाचलो.

तुम्ही कार्ड हातात घेतल्यावर पहिलं काय केलंत, तर त्याच्या कडेची ती बारीक पट्टी नखाने खाली सरकवली. “आता यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही,” म्हणालात. मग दोन ठिकाणी कॉपी केलीत आणि मूळ कार्ड परत माझ्या हातात दिलंत. त्यानंतरच कामाला हात लावलात.

आणि मग जे सांगितलंत ते मी सगळ्यांना सांगत असते. मशीन एका ट्रॅकवर, म्हणजे एका माइकच्या जागेवर, एका वेळी एकच फाइल दाखवतं. ट्रॅकवरून काढलेली फाइल म्हणजे पुसलेली फाइल नव्हे. ती कार्डावर फोल्डरमध्ये पडून असते, कोणी मुद्दाम डिलीट करेपर्यंत. स्टुडिओवाल्यांनी टेक काढले होते ते फक्त ट्रॅकवरून. फोल्डर उघडलात तर मोनो-०००, मोनो-००१ करत भली मोठी रांग. नाव नाही, गाव नाही, कोणता आवाज कोणाचा, कोणत्या बैठकीचा, काही पत्ता नाही.

तुम्ही फाइलींचा आकार बघायला लागलात. सहाही माइकांचं रेकॉर्डिंग एकदम सुरू होतं आणि एकदम थांबतं, त्यामुळे एका टेकच्या सहाही फाइली सारख्याच आकाराच्या. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एका माइकचं एक मिनिट म्हणजे साधारण ८ एमबी, मग ४० एमबीच्या सहा फाइली दिसल्या की तो पाच मिनिटांचा एक टेक. एवढ्या साध्या हिशेबावर तुम्ही सगळी रांग लावलीत. स्टुडिओवाल्यांना हे येत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना ते करावंसं वाटलं नाही, एवढंच.

पण मला खरं बोलायचंय ते पुढच्याबद्दल.

कोणत्या फाइलीत कोण, हे ठरवायचं होतं. मी शेजारीच उभी होते, मला विचारून काम झालं असतं. तुम्ही खुर्ची सासूबाईंच्या पलंगाजवळ ओढलीत, हेडफोन त्यांच्या डोक्यावरच्या पदरावरूनच अलगद बसवलात आणि बाकीचे ट्रॅक बंद करून फक्त त्यांचा चालू ठेवलात. जन्मभर चौघीजणींत गायलेल्या बाईने आपला एकटीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्या म्हणाल्या, “ही मीच.” तुम्ही विचारलंत, “आजी, पूर्ण नाव सांगा, कसं लिहू?”

आमच्या घरात त्या आई, वहिनी, काकू. रेशनकार्डावर नवऱ्याच्या नावाखाली. त्यांना कोणी पूर्ण नाव विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांनी थांबून आधी माहेरचं नाव सांगितलं, मग सासरचं, आणि म्हणाल्या, “दोन्ही चालतील का?” तुम्ही दोन्ही लिहिलंत, पुढे दिंडोरीकडचं त्यांचं माहेरगाव लिहिलंत, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवलात आणि विचारलंत, “बरोबर आहे ना?” त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि एक वेलांटी सुधारायला सांगितली. तुम्ही सुधारलीत. प्रत्येक टेकमधल्या त्यांच्या फाइलीला तेच नाव दिलंत. बाकी चौघींचंही तसंच, मामींचं नाव त्यांच्या मुलाला फोन लावून विचारून घेतलंत.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांच्या संग्रहात ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव असतं. ते मोठं काम, अभ्यासकांचं. पण तुम्ही तर मंडप आणि साउंडचा धंदा करणारे. तुम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं. ज्याचं आहे त्याला विचारून हात लावायचा, आणि म्हातारं माणूस समोर असताना त्याच्या डोक्यावरून तिसऱ्याशी बोलायचं नाही, हे तुमच्या अंगातच होतं. अशी माणसं या गावात आहेत, गाजावाजा न करता असतात, आणि आपण मात्र काचेच्या दारांच्या दुकानांत पैसे मोजून येतो याचा मला राग येतो.

जात्याचा ट्रॅक तुम्ही वेगळा ठेवलात, पुसला नाहीत. मामींच्या मुलाने तो आणि मामींचा असे दोनच लावून आईला ऐकवले. मामींचा उजवा हात चालत नाही, डाव्याने त्यांनी ताल धरला.

आता एक विनंती. सासूबाईंच्या दिंडोरीच्या भाचीकडे आणखी तिघी आहेत, त्यांनाही गायचंय. यंदा मशीन तुमचंच हवं. पैसे घ्यावे लागतील, ही सासूबाईंची अट आहे आणि ती मोडण्याची आमच्यात कोणाची छाती नाही. धंद्यातून सवड कधी मिळेल ते कळवा, जातं मी टाकी लावून घेते.

आपली,
पंचवटीतली एक सून