ताणाचे मूळ वर्गाबाहेर

शिक्षकांसाठी ताणव्यवस्थापनाची कार्यशाळा घेणार असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. ध्यान, दीर्घ श्वसन यांना माझा विरोध नाही. मी स्वतः रोज प्राणायाम करते. पण इथे निदानच चुकले आहे. पोरांच्या गोंगाटाने आलेला थकवा रात्रीच्या झोपेने जातो. डोके उठते ते बाकीच्या कामांनी.

आमची शाळा द्विशिक्षकी. शालेय पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, मतदारयादीचे काम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे ‘आजच, तातडीने’ असे आदेश. एक शिक्षक यात गुंतला की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कर्तव्ये वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. निवडणुकीचे कामही शक्यतो सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे. प्रत्यक्षात परिपत्रक शाळेच्या वेळेतच येते आणि उत्तरही त्याच दिवशी हवे असते.

ही कार्यशाळाही बहुधा शाळेच्या दिवशीच असेल, आणि उपस्थितीचा फोटो ग्रुपवर टाकावा लागेल! त्यापेक्षा केंद्रातील (म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातील) चार-पाच शाळांना मिळून एक माहिती नोंदणी सहायक द्यावा. प्राणायाम आम्ही घरी करू.

– एक प्राथमिक शिक्षिका