दोन्ही पत्रकं वाचली

कोल्हापूर, मंगळवार पेठ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही माहितीपत्रकांची प्रिंट काढून आणली आणि सावकाश वाचली. फोनवर बोलायचं म्हटलं की तुझी आई मधेच फोन ओढून घेते, म्हणून कागदावर लिहितोय. "एमएस्सीच्या आधी एक वर्ष थांबतो, परदेशात पोरांच्यात काम करतो" असं तू म्हणालीस आणि घरात जरा कालवा झाला. आत्याचं म्हणणं तुला माहीतच आहे: वर्ष वाया आणि स्थळं लांबणीवर. ते सोड. थांबायला माझी हरकत नाही. जायचं कुठं, एवढ्यावरच मला बोलायचंय.

पहिलं पत्रक कंबोडियाचं. चार आठवडे अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्यासाठी एक खोली बांधायची आणि सुट्टीच्या दिवशी अंगकोरची देवळं बघायची. पैसे आपणच भरायचे, तेही लाखाच्या वर. वर फोटो आहे, परदेशी पोरं-पोरी हसत हसत विटा रचतायत. मी गवंड्यांच्यात उभा राहून म्हातारा झालो, त्यामुळं माझी नजर आधी भिंतीवर गेली. सांधमोड नाही, म्हणजे विटांचे उभे सांधे एकाआड एक यायला पाहिजेत तसे आले नाहीत. खालच्या सांध्यावर वरचा सांधा बरोबर येऊन बसलाय. भिंत सरळ उभी आहे का बघायला ओळंबा लावल्याचं तर नावच नको. आपल्या साइटवर असली भिंत उठली असती तर मिस्त्रीनं गिलाव्याची वाटसुद्धा बघितली नसती, पाडायला लावली असती. त्या गावात गवंडी नसतील असं थोडंच आहे? त्यांची हजेरी बुडवायची, वर पदरचे पैसे देऊन वाकडी भिंत बांधायची, म्हणजे सेवा नेमकी कुणाची झाली?

आणि भिंत एक वेळ पाडून परत बांधता येते. कंबोडियातल्या अशा आश्रमांत ठेवलेल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात आहेत. गरिबीपायी, शाळेच्या आशेनं आई-बाप पोरं तिथं सोडतात. पैसे देणारे पाहुणे येत राहतात, म्हणून चालवणारे पोरं ठेवून घेतात. नेपाळातही हा धंदा झालाय. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अशा आश्रमांसाठी होणारी मुलांची ने-आण गुलामगिरीतच धरली. तुझ्या मनात पाप नाही हे मला कळतं. पण तू भरलेला लाख रुपया कुठल्या गल्ल्यात जातो, ते तुझ्या मनावर ठरत नाही.

२०१९ चा महापूर तू बघितलायस, तेव्हा तू शाळेत होतीस. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी पंचावन्नच्या वर गेलेलं. आपल्या जवळच्या शाळेत छावणी होती, तिथं चारेक वर्षांचा एक पोरगा होता बघ, चट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधला. गाडी आली, कुणी मोबाईल वर धरला, की तो बिस्किटाचा पुडा छातीशी धरून हसायचा. कुणी शिकवलं नव्हतं, दोन दिवसांत त्याचं त्यालाच कळलं होतं. माणसं बदलायची, पुडा कधी कधी तोच असायचा. व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग, त्यात कुणाची तरी जरीची शेरवानी. आलेली माणसं वाईट नव्हती, लांबून खर्च करून आली होती. पण पोरं वाट बघायची ती तालमीतल्या पोरांची आणि तुझी, कारण तुम्ही रोज चारला बॉल घेऊन यायचा. एक दिवस तू आली नाहीस, तर त्या बनियनवाल्यानं मला दारातच अडवून विचारलं होतं.

आता दुसरं पत्रक. जर्मनीतलं युवा केंद्र, बारा महिने. त्या योजनेचं जर्मन नाव उच्चारताना माझी कवळी निसटायची वेळ आली. पण योजना समजून घेतली. तिथली सक्तीची लष्करी सेवा २०११ मध्ये थांबली. त्याआधी बंदूक धरायला नकार देणारी पोरं तिच्याऐवजी दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत राबायची. ती माणसं एकदम कमी पडणार, म्हणून सरकारनं त्याच वर्षी ही स्वयंसेवेची योजना आणली, आणि बाहेरच्या देशांतल्या पोरांनाही ती खुली ठेवली. वर्षभरात पंचवीस दिवस तुम्हालाच प्रशिक्षण. विमा त्यांचा, खिशाला थोडे पैसे, आणि या पत्रकाप्रमाणे राहायची सोयही त्यांचीच. थोडक्यात, यांना काम करणारा माणूस पाहिजे.

आणि काम तरी काय लिहिलंय? दुपारी केंद्र उघडायचं, शाळा सुटून आलेल्या पोरांना काहीतरी खायला करायचं, गृहपाठाला बसवायचं, कप विसळायचे, कुलूप लावायचं. मला हे वाचून आपली तालीमच आठवली. तिथंही सगळी काही कुस्ती खेळायला येत नाहीत. निम्मी पोरं घरी बसवत नाही म्हणून कट्ट्यावर येतात, आणि वस्ताद न बोलता बघत असतो कोण दोन दिवस दिसला नाही. २०१५ मध्ये सीरिया, अफगाणिस्तान, इराक अशा देशांतून आठ लाखांहून जास्त माणसं आसऱ्याला जर्मनीत पोचली. तेव्हा आई-बापाच्या कडेवर असलेली पोरं आता तेरा-चौदाची झाली असतील, त्यातली काही तुझ्या समोर बसतील. ती तुला लगेच ताई म्हणणार नाहीत. पहिले दोन-तीन महिने तुझ्या जर्मनला हसतील. हसू देत. बॉल तेवढा बरोबर ने, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅचला घसा बसवून घेतलेली पोरगी आहेस, तेवढ्यावर निभेल.

तू म्हणालीस, जर्मनीवाले फार खोदून विचारतात. दोनदा व्हिडिओवर मुलाखत, जर्मनची परीक्षा, डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा दाखला, वर "का यायचंय" यावर दोन पानं. कंबोडियावाल्यांनी फक्त कार्डाचा नंबर विचारला. मग यात ठरवायचं काय राहिलं, सोनू? दुसऱ्याच्या पोरांजवळ जाणाऱ्या माणसाला जो दारात उभं करून चार प्रश्न विचारतो, त्याला ती पोरं आपली वाटतात. तुझ्या वसतिगृहात मी आलो तरी रेक्टरबाई माझ्याकडून वहीत सही घेतात, आणि मला ते बरं वाटतं.

एक गोष्ट वाचनात आली, तीही सांगतो. पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या एका बेचिराख गावात तो काही पोरं घेऊन घरं उभी करायला गेला. त्यात जर्मनही होते, ज्यांच्या तोफांनी तो मुलूख उद्ध्वस्त केला होता. १९३४ च्या भूकंपानंतर हाच माणूस बिहारात येऊन गावं वसवायला राबला, एकदा येऊन गेला नाही, परत परत आला. इंजिनिअर होता, म्हणजे ओळंबा लावत असणार.

आता कामाचं. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत ने, पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहेच. एजंटाला एक रुपया द्यायचा नाही, करार थेट केंद्राशी. करारात कामाचे तास, सुट्ट्या, विमा आणि काही बिनसलं तर कुणाकडे जायचं त्या माणसाचं नाव पाहिजे. पोलिसांच्या दाखल्याचा अर्ज पासपोर्टच्याच वेबसाइटवर होतो. व्हिसाला मुंबई, तेव्हा मी येतो बरोबर. तिथल्या पोरांचे फोटो इन्स्टावर टाकायचे नाहीत, त्यांनी हो म्हटलं तरी. तिकिटाचे मी देईन. बाकी खर्च तुझ्या शिकवणीच्या पैशातून, त्यात मी हात घालणार नाही.

आई सुकं मटण बांधून द्यायचं म्हणत होती. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढेही नाहीत. कांदा-लसूण चटणीवर तडजोड झालीय, तीही दुहेरी पिशवीत.

तुझा,
बाबा

ता. क. पासपोर्टवरचं आणि पदवीच्या प्रमाणपत्रावरचं तुझं नाव एकदा अक्षर न् अक्षर जुळवून बघ. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर आहे असं मला आठवतंय. विद्यापीठात दुरुस्ती करायची तर दिवाळीच्या सुट्टीआधी अर्ज गेला पाहिजे.