आकाशाचा धडा पुस्तकाच्या शेवटी का?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण शाळांना दुर्बिणी आणि अवकाशविषयक आभासी प्रयोगशाळा पुरवण्याच्या योजनांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचावयास मिळतात. देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तथापि खटाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षे विज्ञान शिकवत असताना जे पाहिले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की आमची अडचण साधनांच्या तुटवड्याची फारशी नाही. ती वेळापत्रकाची आहे, आणि काही अंशी भाषेची.

राज्याच्या पाठ्यपुस्तकांत अवकाशाविषयीचा धडा कोठे येतो ते पाहावे. सहावीत ‘विश्वाचे अंतरंग’, सातवीत ‘तारकांच्या दुनियेत’, आठवीत ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’, नववीत ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’ आणि दहावीच्या पहिल्या भागात ‘अवकाश मोहिमा’. हे पाचही धडे आपापल्या पुस्तकातील शेवटचे आहेत. शेवटचा धडा म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा धडा, आणि त्या वेळी दहावीची मुले सराव परीक्षांत व शिक्षक तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके आणि निकालपत्रकांत गुंतलेले असतात. परिणामी ज्या विषयावर मुले वर्षभर आपणहून प्रश्न विचारतात, तोच विषय आम्ही ‘वाचून या’ असे सांगून संपवतो. दहावीचे पुस्तक २०१८ चे असल्याने २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्याचा त्यात उल्लेख असणे शक्यच नाही. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले, तेही मुलांना मोबाईलवरूनच कळले. परंतु पुस्तक जुने असण्यापेक्षा धडा उशिरा येणे अधिक नुकसानीचे आहे, असे मी म्हणेन.

दुर्बिणीचा एक अनुभव सांगतो. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथे एका दात्याने चांगली परावर्ती दुर्बीण दिली होती. पहिल्या वर्षी गुरूचे चार उपग्रह आम्ही पाहिले. १६१० साली गॅलिलिओने पाहिले ते हेच, असे सांगितल्यावर एका मुलाने ‘मग त्यांची दुर्बीण आपल्यापेक्षा भारी होती का?’ असे विचारले होते, आणि ‘नाही, आपली बरीच भारी आहे’ या उत्तराने वर्ग काही वेळ गप्प झाला. पुढे ज्या सरांकडे ती होती त्यांची बदली झाली. दुर्बिणीची नोंद जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, असल्यामुळे ती कोणाच्या हातून बिघडली तर भरपाई कोण करणार, या धास्तीने नव्या सरांनी कपाटाला कुलूप लावले. तीन पावसाळ्यांनंतर कपाट उघडले तेव्हा आरशावर बुरशी होती आणि डोळ्याजवळच्या भिंगाच्या दोन नेत्रिकांपैकी एक सापडली नाही. चार्ज देताना मात्र ‘दुर्बीण एक’ ही नोंद बरोबर जुळली. दुर्बीण देणाऱ्याने तिच्याबरोबर दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि वर्षातून एकदा देखभाल करणारा माणूस दिला नाही, तर ती शोभेची वस्तू होते. त्यापेक्षा एक बरी द्विनेत्री (बायनॉक्युलर) दिलेली मी पत्करीन. ती मुलांच्या हातात देता येते आणि चंद्रावरची विवरे तिच्यातून उत्तम दिसतात.

शिकवण्याचे साहित्य तर आज विपुल आहे. अमेरिकी आणि युरोपीय अवकाश संस्थांचे पाठ, चित्रे व चित्रफिती विनामूल्य मिळतात. इस्रोच्या ‘युविका’ कार्यक्रमात नववीच्या मुलांना अवकाश केंद्रात राहून शिकता येते, जरी त्यात देशभरातून काही शे मुलांनाच प्रवेश मिळतो. ‘स्टेलॅरियम’ ही संगणकावरील आकाशप्रणाली फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून जी विज्ञान खेळणी मुलांसमोर ठेवली, त्यांची माहिती मराठीतही उपलब्ध आहे. आमच्याच जिल्ह्यातील वाईत सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता मोबाईलवर उघडतो आणि त्यातील खगोलशास्त्राच्या नोंदी नेमक्या परिभाषेत आहेत. मी स्वतः कित्येकदा इंग्रजी पाठ वाचतो आणि मग वर्गात कोणता शब्द वापरावा हे पाहण्यासाठी विश्वकोशाकडे वळतो. हे सारे असूनही शिक्षकाला सोमवारी सकाळी वर्गात काय करायचे याचे उत्तर मिळत नाही, कारण परदेशातील पाठ तेथील अक्षांशासाठी आणि तेथील ऋतूंसाठी लिहिलेले असतात. पन्नास अक्षांशावरील मुलाला ध्रुवतारा बराच उंच दिसतो; आमच्या वडूज परिसरात तो क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश, म्हणजे हात ताठ करून धरलेल्या पावणेदोन मुठींएवढा वर असतो. मुले डोक्यावर शोधतात आणि ‘दिसत नाही’ म्हणून सोडून देतात.

आणखी एक उदाहरण शून्य सावलीचे. आमच्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, १० मेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी आणि दुसऱ्या वेळी आभाळाला ढग! दरवर्षी समाजमाध्यमांवर पुण्या-मुंबईची छायाचित्रे पाहून मुले हळहळतात. मात्र त्याहून सोपी आणि माझ्या मते अधिक चकित करणारी गोष्ट शाळा सुरू झाल्यावर लगेच, २१ जूनला, ढगांनी उसंत दिली तर पाहता येते. एक मीटर उंचीच्या काठीची त्या दिवशीची मध्यान्हीची सावली जेमतेम दहा सेंटिमीटर असते आणि ती चक्क दक्षिणेला पडते. डिसेंबरात हीच सावली उत्तरेला सत्त्याऐंशी सेंटिमीटर होते. हे आकडे कोणत्याही तयार साहित्यात मिळत नाहीत, कारण ते आमच्या गावाचे आहेत.

गेल्या डिसेंबरात दहावीच्या मुलांबरोबर केलेला प्रयोग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. जळगावकडील एका शाळेतील शिक्षक मित्राने आणि आम्ही ठरवून एकाच दिवशी एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. सव्वाबारापासून पावणेएकपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण केली. सर्वांत आखूड सावली आमच्याकडे साडेबाराच्या सुमारास आली. घड्याळाचे बारा हे आपल्या सूर्याचे बारा नव्हेत, हे मुलांना तेथेच कळले. जळगावची सावली आमच्या चार मिनिटे आधीच सर्वांत आखूड झाली होती. ‘ते पूर्वेला आहेत म्हणून का?’ हा प्रश्न एका मुलीचा. मी तोपर्यंत तिकडे लक्षही दिले नव्हते. आमची सावली ८७ सेंटिमीटर, त्यांची ९९. टॅनच्या कोष्टकातून कोन काढले तेव्हा दोन्हींत ३.७ अंशांचा फरक आला. नकाशावर पट्टीने मोजलेले दक्षिणोत्तर अंतर ३८० किलोमीटर होते. ३.७ अंशांना ३८० किलोमीटर, तर पूर्ण ३६० अंशांना किती, असे त्रैराशिक मांडून पृथ्वीचा परीघ आला सुमारे ३७,००० किलोमीटर, म्हणजे खऱ्या आकड्यापेक्षा तीन हजारांनी कमी. मुले खट्टू झाली. मग चूक शोधताना लक्षात आले की सावलीचे टोक धूसर असते आणि जळगावकरांनी ९८ ऐवजी ९९ वाचले असेल, तर तेवढ्या एका सेंटिमीटरनेच हा फरक पडतो. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने बावीसशे वर्षांपूर्वी हेच केले होते, हे मी नंतर सांगितले. खर्च शून्य, काठी शाळेच्या कुंपणाची होती.

रात्रीच्या आकाशदर्शनात परवानगी, पालकांची संमती, मुलींना घरी पोहोचवणे हे प्रश्न असतात आणि ते खरे आहेत. हिवाळ्यात सातलाच पुरेसा अंधार होत असल्यामुळे आम्ही आठपर्यंत आटोपतो. ग्रामपंचायतीने मंदिरासमोरचा हायमास्ट दिवा तासभर बंद ठेवण्याचे सौजन्य दाखवले, तेव्हा मृग नक्षत्र आणि त्याच्या मागचा व्याध सर्वांना दिसला. तेथेही पुस्तकाबाहेरचा प्रश्न आलाच. आजोबा म्हणतात मृग जूनमध्ये लागतो, मग तो जानेवारीत कसा दिसतो? जूनमध्ये सूर्य स्वतःच मृगात असतो, त्यामुळे ते तारे दिवसा आकाशात असतात, हे सांगण्यासाठी मधोमध कंदील ठेवून एका मुलाला त्याच्याभोवती फिरवावे लागले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पृथ्वीच्या परिभ्रमणाचा याहून जवळचा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

ज्यांना रात्र शक्य नाही त्यांच्यासाठी शनिवारची सकाळची शाळा आहे. वद्य सप्तमी-अष्टमीच्या सुमारास परिपाठाच्या वेळी अर्धा चंद्र आकाशात बराच वर असतो. मातीचा गोळा उन्हात, चंद्राच्या दिशेने हात ताणून धरला की गोळ्याचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच चंद्राचाही दिसतो. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात हा समज आमच्या मुलांत, आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकांतही, घट्ट आहे. सूर्य आणि चंद्र दोन्ही एकाच वेळी समोर दिसत असताना मधे सावली येणार कोठून, असे मुलेच म्हणू लागतात.

म्हणून शिक्षण विभागाला माझी विनंती मर्यादित आहे. वार्षिक नियोजनात अवकाशाचा धडा दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला घटक म्हणून घेण्याची स्पष्ट सूचना शाळांना द्यावी, कारण तेव्हा पाऊस गेलेला असतो, अंधार लवकर पडतो आणि परीक्षा दूर असते. तसेच जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने सातारा-सांगलीच्या अक्षांशासाठी दर महिन्याचे एक पानी मराठी पत्रक काढून ते केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत वाटावे. त्यात त्या महिन्याची मध्यान्हीची सावली, सकाळी चंद्र दिसण्याच्या तिथी, संध्याकाळी दिसणारे ग्रह आणि एक प्रयोग एवढेच असले तरी पुरे. असे बारा महिन्यांचे कच्चे टिपण माझ्याजवळ तयार आहे आणि ते तपासून घेण्यासाठी मी कोणासही देईन.

येत्या डिसेंबरात आम्ही सावली पुन्हा मोजणार आहोत. या वेळी काठीच्या टोकाला भोक पाडलेली पत्र्याची चकती लावण्याचा विचार आहे, म्हणजे धूसर टोकाऐवजी उन्हाचा नेमका ठिपका मोजता येईल. जळगावचे मित्र आता निवृत्त झाले आहेत. धुळे, नंदुरबार किंवा त्याही उत्तरेकडील एखाद्या शाळेस सहभागी व्हावयाचे असल्यास त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक
ता. खटाव, जि. सातारा