अभ्यासिकेतल्या दादांना, मनापासून थँक्यू

दादा,
फोनवर बोलायला घेतलं की मला रडूच येतं म्हणून लिहून टाकतेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण आपल्या अमळनेर-पारोळ्याकडच्या आर्ट्सच्या पोरींपर्यंत हे पोचायला पाहिजे. दिल्ली युनिव्हर्सिटीत हिस्ट्री ऑनर्सला माझं ॲडमिशन झालं!

आपल्याकडे बारावी म्हटलं की नीट, जेईई नाहीतर एमएचटी-सीईटी, आर्ट्सवालीला कोण विचारतं. दिल्ली युनिव्हर्सिटी २०२२ पासून बारावीचे टक्के नाही तर सीयूईटी या देशभरच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर बघते, आणि पेपर मराठीतूनही देता येतो, हे मला तुम्ही सांगितलं तेव्हा कळलं.

पण खरं काम केलं ते तुमच्या पुस्तकांनी. आपल्या बोर्डाचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक युरोपच्या प्रबोधनापासून सुरू होतं आणि सीयूईटीत येतं केंद्राच्या एनसीईआरटीचं, म्हणजे हडप्पा, विजयनगर, थेट संविधान सभेपर्यंत, दोन्हीचा मेळच नाही. तुम्ही एमपीएससीसाठी जपून ठेवलेले एनसीईआरटीच्या पुस्तकाचे तिन्ही भाग सरळ माझ्या हातात दिले. हडप्पाच्या धड्याशेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "तापीकाठचं सावळदा, प्रकाशा पण बघणे". त्या एका ओळीपायी मी १९५५ चं प्रकाशा गावचं उत्खनन शोधून वाचलं आणि ताम्रपाषाण काळ, म्हणजे तांब्याची न् दगडाची हत्यारं सोबत वापरायचे तो काळ, असा डोक्यात बसला की परत पाठ करावा लागला नाही.

आणि ते निगेटिव्ह मार्किंग! ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला पाच, चुकलं तर एक वजा, त्या एकाच्या धाकाने माझा हातच उठायचा नाही. तुम्ही चहाच्या बिलामागे हिशोब मांडला, चार प्रश्न नुसत्या अंदाजाने मारले आणि एकच लागला तरी पाच वजा तीन, दोन मार्क हातात, मग दोन पर्याय कटल्यावर घाबरायचं कशाला? ते बिल अजून माझ्या पाकिटात आहे. कोणत्याही क्लासने एवढं सोपं करून सांगितलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

घरी येऊन अप्पांशी बोललात त्याचे आभार तर कसे मानू. "पोर एकटी दिल्लीले जाई का?" म्हणून ते अडून बसले होते, तुम्ही होस्टेल, फी, स्कॉलरशिप सगळं शांतपणे समजावलं, स्वतःची एमपीएससीची मेन्स तोंडावर असताना! मे महिन्याच्या त्या उन्हात जळगावच्या सेंटरला सोडायला मग अप्पाच आले.

तुमची पुस्तकं मी पारोळ्याच्या एका मुलीला दिलीत, तुमच्या नोट्स न खोडता. ती या रविवारी अभ्यासिकेत येणारे, इंग्रजीच्या उताऱ्यांना घाबरते, तेवढं तिला बसवून घ्या. आणि मेन्सला खूप खूप शुभेच्छा दादा.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची