त्या मोर्चाविषयी थोडे सविस्तर

रत्नागिरी

चि. निनाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की यंदा गणपतीला तू एकटाच येशील, कारण ऋषिकेशला बरोबर आणल्यास वाडीतली माणसे मला आणि तुझ्या आईला नाही नाही ते विचारतील. मी त्या वेळी फारसे बोललो नाही, कारण जे सांगायचे होते ते दोन मिनिटांत मावणारे नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी तुम्हा दोघा जोडीदारांबरोबर मुंबईच्या प्राइड मोर्चात, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या मोर्चात, चाललो, त्याविषयी आज लिहितो.

रात्रीच्या कोकणकन्येत मला झोप लागली नव्हती. गर्दीची भीती नव्हती. धास्ती एवढीच होती की मोर्चा गिरगावाजवळून जाणार, आणि तिथल्या कोणत्या गॅलरीत आपल्याकडचा कोण उभा असेल याचा नेम नाही. तुझे आजोबा चाकरमानी म्हणून त्याच भागातल्या चाळीत राहिले होते, त्यामुळे तो भाग मला कधी परका वाटलाच नाही, आणि परक्या गावात जो निनावीपणा मिळतो तो तिथे मिळणार नव्हता.

ऑगस्ट क्रांती मैदानात पोहोचलो तेव्हा दुपारचे ऊन चांगलेच तापले होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ज्या गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तेच हे मैदान, आणि मुंबईतल्या अशा पहिल्या मोर्चासाठी १६ ऑगस्ट २००८ रोजी माणसे इथूनच निघाली होती. ढोल वाजत होते, नऊवारी नेसून आलेल्या तृतीयपंथी भगिनी ठेक्यावर नाचत होत्या, आणि इंद्रधनुषी झेंडा इतका लांब होता की त्याचे दुसरे टोक मला दिसत नव्हते. त्या साऱ्या रंगांत माझे लक्ष मात्र मुखवटा घातलेल्या एका मुलाकडे गेले. त्याने मला विचारले, “काका, तुम्ही कोणाबरोबर आलात?” मी म्हणालो, “मुलाबरोबर.” त्यावर तो काहीच बोलला नाही, पण पुढे बराच वेळ माझ्या शेजारून चालत राहिला. त्याच्या घरी हे ठाऊक होते की नाही, हे मी विचारले नाही. त्याच्या वडिलांची आठवण मला आजही येते, आणि ते कोण, कुठले, हे मला माहीत नाही.

माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कार्यालयात गेली, त्यामुळे निकाल म्हणजे काय आणि त्याची पोहोच कुठवर असते, हे मला थोडे कळते. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ खाली समलिंगी संबंधांसाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तुम्हाला त्या कलमातून मोकळे केले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही क्षमा मागायला हवी. कुटुंबीयांचा हा उल्लेख मी गाडीत पुन्हा पुन्हा वाचला. आमचाही कोणी विचार केला होता, याचे मला फार बरे वाटले.

नाना चौकाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, नेमकी जागा आता आठवत नाही, वरून मला नावाने हाक आली. खालच्या वाडीतले एक गृहस्थ गॅलरीत उभे होते. “अण्णा, तुम्ही इकडे कुठे?” असे त्यांनी विचारले, आणि मी खालून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “मुलासाठी आलोय,” असे उत्तर दिले. तू तेव्हा पुढे झेंड्यापाशी होतास. ऋषिकेश माझ्याजवळ होता. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही पुढे चालू लागलो.

जे तुला कधी सांगितले नाही, ते आता सांगतो. त्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत साऱ्या वाडीला ही गोष्ट ठाऊक झाली होती. पालखी आपल्या अंगणात येईल की नाही, या काळजीने तुझी आई दोन दिवस नीट जेवली नाही. पालखी आली, नेहमीसारखी नाचली, तुझ्या आईने देवीची ओटी भरली, मानकऱ्यांनी आपल्या घरासाठी गाऱ्हाणे घातले. दोन घरांनी आमच्याशी बोलणे कमी केले, आणि ते अजून कमीच आहे. म्हणजे तू ज्या प्रश्नांची काळजी करतोस ते विचारून झाले आहेत, आणि त्यांची उत्तरेही आम्ही दोघांनी देऊन टाकली आहेत. तेव्हा ऋषिकेशला बाहेर ठेवण्यासाठी आमचे कारण पुढे करू नकोस.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले आणि रागही आला. पण जे करता येते ते तरी आपण पक्के करून घेऊ. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की तुम्हाला संयुक्त बँक खाते उघडता येते आणि जोडीदाराचे नाव नॉमिनी म्हणून लावता येते. मृत्युपत्र दोघांचे स्वतंत्र असावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्यावी, कारण उद्या कोणी हरकत घेतली तर तोच कागद उपयोगी पडतो. माझ्या मृत्युपत्राचा मसुदा मी तयार केला आहे, आणि तुझ्या वाट्याच्या खोल्यांत तुझ्यामागे ऋषिकेशला राहता यावे, अशी तरतूद त्यात केली आहे. वाचून काही बदल हवे असल्यास दोघांनी मिळून सांगा.

रेल्वेची आरक्षणे सुरू होताच दोन तिकिटे काढ. ऋषिकेशला मासे चालतात की नाही ते कळव. गौरीविसर्जनानंतर आई बाजारात जाणार आहे.

तुझा,
बाबा