फी पन्नास रुपये, मागणी साडेचार हजारांची

महोदय,

माझी धाकटी मुलगी एमएस्सीसाठी इटलीला निघाली आहे. तिच्या पदवी प्रमाणपत्रावर आणि जन्मदाखल्यावर ‘अपोस्टिल’, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी खूण, हवे, असे कळले. घरात हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. स्टँडजवळच्या एका एजंटाने एका कागदाचे साडेचार हजार सांगितले. मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. दोन कागदांचे नऊ हजार ऐकून गप्प घरी आलो.

मग मुलीने परराष्ट्र मंत्रालयाची माहिती वाचून दाखवली. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये! मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, ते नेमलेल्या संस्थेमार्फत द्यावे लागतात. त्या संस्थेचे शुल्क आणि स्कॅनिंग धरूनही खर्च दीडशे रुपयांच्या घरात राहतो. त्याआधी राज्य सरकारची पडताळणी लागते, ती मुंबईत, आणि शैक्षणिक कागदाची वाट वेगळी, जन्मदाखल्याची वेगळी. आम्ही बापलेक रात्रीच्या एसटीने दोनदा मुंबईला जाऊन आलो. प्रवास, खाणे, झेरॉक्स सगळे मिळून एजंटाच्या एका कागदाइतकेही पैसे गेले नाहीत.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागली. पोरीचे पदवी प्रमाणपत्र मी हौसेने लॅमिनेट करून ठेवले होते. अपोस्टिलचा स्टिकर मूळ कागदाच्या पाठीवर चिकटवतात. प्लॅस्टिकवर तो कसा बसणार? विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढण्यात तीन आठवडे गेले. प्रत्येक पालकाला सांगतो, मूळ कागद लॅमिनेट करू नका, साध्या फोल्डरमध्ये ठेवा. जुना हस्तलिखित जन्मदाखला असेल, तर नगरपरिषदेतून मराठी-इंग्रजी असा नवा काढून घ्या, आणि एकदमच चार-पाच प्रती घ्या. नोटरीकडे ट्रू कॉपी करायला जाल, तेव्हा आधी दराचा फलक बघा. तो आत आणि बाहेर लावण्याचे बंधन नोटरींवर नियमानेच आहे.

आपल्याकडे स्वसाक्षांकित प्रत चालू झाल्यापासून अटेस्टेशनची कटकट बरीच कमी झाली. परदेशी विद्यापीठाला मात्र आपली सही पुरत नाही. भारतात अपोस्टिलची सोय २००५ पासून आहे, तरी तालुक्याच्या गावी तिची नीट माहिती देणारे कुणी भेटत नाही, आणि एजंटाचा धंदा त्यावरच चालतो. आमच्याच गल्लीतल्या नर्सिंग झालेल्या एका मुलाच्या वडिलांनी अशाच कागदांसाठी सोसायटीचे कर्ज काढले.

जिल्हाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक सेतू केंद्रात मराठीत एक फलक लावावा: कोणता कागद, आधी कुठे, मग कुठे, फी किती. आणि राज्याच्या पडताळणीसाठीचे कागद आठवड्यातून एक दिवस तरी जिल्ह्याच्या ठिकाणी स्वीकारावेत.

– एक पालक, कराड