सायलेंट हंटर ३ आणि ताफ्यावरचा हल्ला

संपादक साहेब, गेम्सवर लिहिताना पेपरात नुसत्या बंदूकवाल्या गेम्सचंच येतं, म्हणून २००५ च्या सायलेंट हंटर ३ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीच्या गेमबद्दल लिहितोय. यात शत्रूच्या मालवाहू जहाजांचा ताफा गाठायचा तर घाई चालतच नाही, टाइप ७सी ही पाणबुडी पाण्याखाली जेमतेम साडेसात नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल) आणि वर सतराच्या आसपास पळते, म्हणून आधी लांबून वळसा घालून पुढे जायचं, मग बुडी मारून वाट बघायची, जहाज काटकोनात आडवं आलं की नेम सोपा. दिवसा इलेक्ट्रिक टॉर्पेडोच बरा, बुडबुड्यांची रेघ उठत नाही. १९४० मध्ये जर्मन पाणबुडीचा कप्तान क्रेचमर रात्री पाण्यावरूनच थेट ताफ्यात शिरायचा कारण अ‍ॅस्डिकला (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालची पाणबुडी शोधणारं ब्रिटिश यंत्र) वरची बोट नीट सापडत नसे, पण रडार आल्यावर ते अवघड झालं. आणि हो, त्या ब्रिटिश मालवाहू जहाजांवर कोकण-गोव्याचे खलाशीपण होते, त्यांच्यावरही सविस्तर छापा ना प्लीज.

– एक वाचक, ठाणे